छापील ग्रंथ की ई-पुस्तक?

एखादे पुस्तक विकत घ्यावयाचे म्हणजे पूर्वी मनुष्यापुढे एकच प्रश्न असे : कोणते पुस्तक घ्यावे? आपल्या आवडीचे, आपल्या गरजेचे आणि आपल्या खिशाला परवडणारे पुस्तक निवडले की काम झाले. आता त्या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊन बसला आहे. तीच कादंबरी, तेच चरित्र, तोच शब्दकोश आता दोन रूपांत मिळतो. एक रूप कागदाचे, शाईचे आणि बांधणीचे. दुसरे मोबाईलच्या, संगणकाच्या किंवा वाचनयंत्राच्या पडद्यावर उमटणारे. दोहोंतील मजकूर पुष्कळदा शब्दन्‌शब्द सारखा असतो. मग पैसे मोजावयाचे ते कोणत्या रूपासाठी?

या प्रश्नावरून मोठी माणसेही कधी कधी हमरीतुमरीवर येतात. कोऱ्या पुस्तकाच्या वासाची सर पडद्याला कशी येईल, असे एक पक्ष म्हणतो. कागदाची कपाटे म्हणजे धूळ आणि वाळवी यांना आमंत्रण, असे दुसरा म्हणतो. आम्हांस हे भांडण फारसे उपयोगाचे वाटत नाही. असेच एक भांडण महाराष्ट्राने पूर्वीही पाहिले आहे. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८४१ च्या सुमारास छापील पंचांग काढले, त्या काळी छापखान्याच्या शाईत चरबी असते म्हणून छापलेल्या कागदास न शिवणारे सोवळे लोक होते. हाताने लिहिलेली पोथी तेवढी पवित्र, असा त्यांचा आग्रह. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून त्यांची समजूत घातली, असे सांगतात. आज अशाच घरांतून छापील पोथीवाचून पूजा पार पडत नाही. तेव्हा वस्तू नवी की जुनी हा विचार बाजूला ठेवून, ती आपले कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, एवढेच आपण पाहू.

प्रथम ई-पुस्तक म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. १९७१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात टंकलिखित केला आणि तो इतरांस वाचावयास खुला केला. पुस्तके संगणकात साठवून सर्वांस फुकट देण्याच्या कार्याचा तो आरंभ होय. त्या कार्यास त्याने छपाईच्या जनकाचे नाव दिले, 'प्रोजेक्ट गटेनबर्ग'. त्या संग्रहात आज ७०,००० हून अधिक पुस्तके आहेत. पुढे २००७ मध्ये ॲमेझॉन या कंपनीने 'किंडल' हे वाचनयंत्र विक्रीस काढले आणि २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकेही मिळू लागली.

या वाचनयंत्राचा पडदा मोठा चमत्कारिक आहे. मोबाईलचा पडदा दिव्याप्रमाणे स्वतः प्रकाश देतो; वाचनयंत्राचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परतवितो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात आणि त्यांवरील विद्युत्‌भार परस्परविरुद्ध असतो. वीज एका दिशेने दिली म्हणजे पांढरे कण वर येतात, उलट दिशेने दिली म्हणजे काळे. अशा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे अक्षर बनते. एकदा अक्षर उमटले की ते टिकवून ठेवण्यास वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून हे यंत्र एकदा चार्ज केले की कित्येक दिवस चालते आणि भर उन्हातही वाचता येते.

ई-पुस्तकांत दोन जाती आहेत, आणि घेणाऱ्याने त्या ओळखल्या पाहिजेत. एका जातीत मजकूर अक्षरांच्या रूपाने साठविलेला असतो. अक्षरे मोठी केली की ओळी आपोआप नव्याने जुळतात, हवा तो शब्द क्षणात शोधता येतो. दुसऱ्या जातीत छापील पानाचे केवळ छायाचित्र असते. जुनी मराठी पुस्तके पीडीएफच्या रूपात मिळतात ती बहुधा अशी. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर असे पान वाचावयाचे म्हणजे प्रत्येक ओळ बोटाने डावीकडून उजवीकडे ओढत न्यावी लागते. दहा पानांतच वाचणारा कंटाळतो. याउलट, पहिल्या जातीत कवितेचे हाल होतात. अक्षरे मोठी केली की ओवीचा चरण मध्येच तुटून खालच्या ओळीत उतरतो आणि यमक कोठे पडले हेच डोळ्यांस दिसेनासे होते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याची नमुन्याची काही पाने पाहावयास मिळतात. ती पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. छापील पुस्तक तुम्ही विकत घेता, तेव्हा ती प्रत तुमच्या मालकीची होते. तिच्या नकला छापून विकण्याचा अधिकार तुम्हांस मिळत नाही, हे खरे. पण ती प्रत तुम्ही मित्रास वाचावयास देऊ शकता, धाकट्या बहिणीस भेट देऊ शकता, शाळेच्या ग्रंथालयास दान करू शकता, नको झाली तर रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकू शकता. पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि मुंबईच्या हुतात्मा चौकाजवळचे पदपथ यांवर कित्येक विद्यार्थ्यांनी अर्ध्या किमतीत पुस्तके मिळविली आहेत, ती पुस्तकांच्या पहिल्या मालकांनी आपला हा हक्क बजावला म्हणूनच.

ई-पुस्तकाचे तसे नाही. दुकानाच्या पानावर 'विकत घ्या' असे शब्द असले, तरी बारीक अक्षरांतील अटी वाचून पाहिल्या तर बहुधा असे आढळते की, आपण पुस्तक घेतलेले नसून ते वाचण्याची परवानगी घेतली आहे. परवानगी देणारा ती परतही घेऊ शकतो. ही केवळ कल्पना नव्हे. २००९ च्या जुलै महिन्यात ॲमेझॉन कंपनीच्या ध्यानात आले की, जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या दोन पुस्तकांच्या काही ई-प्रती, ज्याला विकण्याचा हक्कच नव्हता अशा विक्रेत्याने आपल्या दुकानात ठेवल्या आहेत. कंपनीने त्या प्रती दुकानातून काढल्या, येथवर ठीक. पण ज्यांनी पैसे देऊन त्या घेतल्या होत्या त्यांच्या घरांतील यंत्रांमधूनही त्या दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले. तथापि मिशिगन राज्यातील एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी त्या पुस्तकावर जी टिपणे केली होती, ती निरुपयोगी झाली, कारण ज्या ओळींशेजारी ती लिहिली होती त्या ओळीच नाहीशा झाल्या. गंमत अशी की, या पुस्तकांपैकी एक होते '१९८४', आणि जुने कागद गुपचूप नष्ट करणाऱ्या एका राज्याचीच त्यात कथा आहे! कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर क्षमा मागितली.

दुसरे उदाहरण दहा वर्षांनंतरचे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ई-पुस्तकांचे एक दुकान चालविले होते. २०१९ मध्ये तिने ते बंद केले. कागदी पुस्तकांचे दुकान बंद पडले म्हणून कोणाच्या घरातील कपाट रिकामे होत नाही. पण येथे तसे झाले. जुलै महिन्यापासून त्या दुकानातून घेतलेली सर्व पुस्तके उघडेनाशी झाली. कंपनीने सर्वांस किंमत परत केली आणि ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती त्यांस आणखी २५ डॉलर दिले. व्यवहार म्हणून हे प्रामाणिकपणाचेच झाले. पण पैसे परत मिळणे निराळे आणि अर्धवट वाचलेले पुस्तक हातात असणे निराळे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा केला. ग्राहकास केवळ परवानगी मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याविना विक्रेत्याने 'विकत घ्या' हे शब्द वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. सर्वच ई-पुस्तके अशी परावलंबी असतात असे मात्र समजू नये. काही प्रकाशक कुलूप नसलेली प्रत देतात. ती आपल्या संगणकात उतरवून ठेवता येते आणि दुकान राहो अथवा न राहो, ती आपल्याजवळ राहते.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग छापील पुस्तकच बरे. थांबा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूर भागात घरांत आणि वाचनालयांत शिरलेल्या पाण्याने कितीतरी पुस्तकांचा लगदा करून टाकला. कागदास पाणी, अग्नी, वाळवी आणि उंदीर हे चार शत्रू जन्मापासूनच आहेत. ई-पुस्तकाच्या प्रती चार ठिकाणी ठेवल्या, तर एका ठिकाणच्या पुराने त्याचे काही बिघडत नाही. दुर्मिळ ग्रंथांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याची खटपट सध्या सर्वत्र चालली आहे ती याचसाठी.

आणि काही वाचकांना तर छापील पुस्तक असून नसल्यासारखेच असते. ज्यांस दिसत नाही किंवा फार अंधूक दिसते, त्यांनी छापील पुस्तकाचे काय करावे? ब्रेल लिपीत उठावाची अक्षरे असतात, त्यामुळे साध्या कादंबरीचेही जाडजूड खंड होतात, आणि मुळात ब्रेलमध्ये निघालेली पुस्तके थोडी. ई-पुस्तकाचे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, संगणक ते मोठ्याने वाचून दाखवू शकतो, आणि बोटांखाली ब्रेलचे ठिपके वरखाली करणाऱ्या यंत्रावरही ते उतरविता येते. अशा वाचकांसाठी पुस्तकांचे रूपांतर करण्यास लेखक-प्रकाशकांच्या हक्कांची आडकाठी येऊ नये, म्हणून २०१३ मध्ये मोरोक्को देशातील माराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होय. २०१६ मध्ये आपल्या देशात 'सुगम्य पुस्तकालय' या नावाचे ई-ग्रंथालयही सुरू झाले. येथे छापील की ई, हा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही. ई-पुस्तक नसेल तर वाचनच नाही.

दूर देशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांचीही अडचण ध्यानात घ्या. लंडनमध्ये वाढणाऱ्या मुलास आजीने सुचविलेले गोष्टीचे पुस्तक हवे असेल, तर टपालाचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून अधिक पडू शकतो. ई-पुस्तक त्याच संध्याकाळी त्याच्या हाती पडते.

शोधण्याच्या कामातही पडदा कागदास मागे टाकतो. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या रूपाने प्रसिद्ध आहे. तो भला थोरला ग्रंथ शिकागो विद्यापीठाने महाजालावर सर्वांस खुला केला आहे. एखादा शब्द टंकित करावा, की क्षणात अर्थ पुढे येतो. मराठी विश्वकोशाचे २० खंड घरात ठेवावयाचे तर एक कपाट लागेल. महाजालावर ते विनामूल्य वाचता येतात. अशा ग्रंथांत आपण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जात नाही. हवे तेवढे पाहून बाहेर येतो. मात्र छापील कोशात जो शब्द पाहावयास जावे, त्याच्या शेजारचे चार शब्दही नजरेस पडतात आणि मनुष्य त्यांतच रमतो. आम्हांस ही वेळेची नासाडी वाटत नाही. परीक्षा जवळ आली असेल, तर गोष्ट वेगळी!

वाचलेले मनात किती उतरते, हाही विचार केला पाहिजे. या विषयी जगात पुष्कळ प्रयोग झाले आहेत. २००० ते २०१७ या काळातील ५४ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून काही संशोधकांनी २०१८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्या प्रयोगांत १,७०,००० हून अधिक वाचकांनी भाग घेतला होता. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचे बंधन घालून वाचावयास दिला, तेव्हा कागदावर वाचणाऱ्यांस तो अधिक चांगला समजला. गोष्टी वाचताना मात्र कागद आणि पडदा यांत असा फरक आढळला नाही. यावरून इतिहासाचे किंवा विज्ञानाचे पुस्तक कागदावर आणि कथा-कादंबरी कशावरही वाचावी, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय मोबाईलवर वाचताना मध्येच कोणाचा निरोप येतो, टिंग असा आवाज होतो, आणि पुस्तकातील राजपुत्र अर्ध्या जंगलात उभा राहतो. निव्वळ वाचनाच्या यंत्रावर हा त्रास नसतो.

आता हिशेब करू. समजा, वाचनयंत्राची किंमत १०,००० रुपये आहे. एक छापील पुस्तक २५० रुपयांस आणि तेच ई-पुस्तक १५० रुपयांस मिळते. दर पुस्तकामागे १०० रुपये वाचले, म्हणजे यंत्राची किंमत भरून निघण्यास १०० पुस्तके घ्यावी लागतील. महिन्यास एक पुस्तक घेणाऱ्यास त्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर यंत्र धड राहील की नाही कोण जाणे! आठवड्यास एक पुस्तक फस्त करणारा मात्र दोन वर्षांत फायद्यात येईल. या हिशेबात छापील पुस्तक पुढे विकून येणारे पैसे आम्ही धरलेले नाहीत; ते तुम्ही धरून पाहा.

काही पुस्तकांसाठी तर पैसे द्यावेच लागत नाहीत. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. मग ते लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. म्हणून २०११ च्या आरंभापासून 'श्यामची आई' कोणासही छापता येते, वाटता येते, महाजालावर ठेवता येते. हयात लेखकाच्या नव्या कादंबरीची पीडीएफ कोणी मोबाईलवर फुकट पाठविली, तर मात्र ती चोरीची असण्याचा संभव फार. लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वखुशीने दिलेले पुस्तक फुकट घेण्यात कमीपणा नाही. पण कोणी दिले हे आधी पाहावे.

हे सर्व ध्यानात ठेवून एक प्रत्यक्ष निवड करून पाहू. समजा, एका खेड्यातील शाळेच्या ग्रंथालयास वर्षासाठी ३,००० रुपये मिळाले आहेत. शाळेत संगणक एकच आहे आणि दुपारी पुष्कळदा वीज जाते. मुलांच्या समितीस यादी करावयाची आहे. मोठा कोश आणि विश्वकोश यांवर खर्च नको, हे सर्वांस एकदम पटते. संगणकाच्या शेजारी त्यांचे पत्ते लिहून ठेवले की झाले. नकाशांचे पुस्तक छापील घ्यावयाचे, कारण भिंतीएवढ्या जगाचा नकाशा लहान पडद्यावर तुकड्यातुकड्यांनीच दिसतो, आणि नकाशाभोवती एका वेळी सहा डोकी जमली म्हणजेच खरी मजा येते. पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचे पुस्तकही छापील, कारण ते घेऊन माळावर जावयाचे आहे. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची दोन पुस्तके यादीत आली. ती तीस हातांतून फिरणार, आणि एका नावाने घेतलेली ई-प्रत तशी फिरविता येत नाही. सातवीतील एका मुलास अगदी अंधूक दिसते. त्याचे नाव 'सुगम्य पुस्तकालया'त नोंदवावयाचे आणि मधल्या सुटीत संगणक त्याच्यासाठी मोकळा ठेवावयाचा, असे ठरते.

खरा वाद होतो तो 'श्यामची आई'वर. एक मुलगी म्हणते, "जे फुकट मिळते त्यावर पैसे कशास घालवावयाचे? तेवढ्यात दुसरे पुस्तक येईल." तिचे म्हणणे वावगे नाही. दुसरा मुलगा विचारतो, "संगणकापाशी प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून अर्धा तास येतो. त्यात ४२ रात्रींच्या गोष्टी केव्हा वाचून होणार? आणि घरी आईला कशा वाचून दाखवावयाच्या?" शिक्षक या वादात पडत नाहीत. ते फक्त ग्रंथालयाची जुनी नोंदवही आणून देतात. 'श्यामची आई'ची एक प्रत शाळेत पूर्वीपासूनच होती, असे तीत आढळते. शोध घेता ती कपाटाच्या तळाशी सापडते. बांधणी सुटलेली, पाठ निघालेली, पण पाने सर्वच्या सर्व. समिती त्या पुस्तकाचे नाव यादीतून खोडते आणि त्याच ओळीत लिहिते : "बांधणीस देणे."